छातीवर सिंह, नाव बोंबील
आमच्या कॉलेजच्या कबड्डीच्या जर्सीवर डरकाळी फोडणारा सिंह छापलेला होता. त्या सिंहाची कुणाला पडलेली नव्हती. अख्खा वसई तालुका आम्हाला 'सुके बोंबील' म्हणायचा.

याला कारण आमचा अर्नाळ्याचा कॅप्टन. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या जर्सी त्याची आई धुवायची आणि किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूंवरच, बोंबलांच्या शेजारी लटकवायची.

पहिल्याच सामन्यात समोरचे नाक दाबून मागे सरकले. आमच्या चढाईपटूला मिठी मारायला कुणी धजेना. हरल्यावर त्यांनीच हे नाव ठेवलं. माझं डोकं फिरायचं. पण जिंकत होतो, त्यामुळे जर्सी दुसरीकडे वाळवा असं त्या माउलीला सांगायला कुणी तयार नव्हतं. पुढे तर आम्हीच बोंबलांची माळ नाचवत मैदानात शिरायला लागलो.

फायनलला समोर दुसऱ्या कोळीवाड्यातली पोरं आली. पहिली चढाई माझी. चौघांनी मला असं कवटाळलं की हाडं वाजली. त्यातल्या एकाने माझ्या पाठीत नाक खुपसून खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "आहाहा! घरी आल्यासारखं वाटतंय रे!"