आप्पांनी मशीन बंद केलं

कोरीटसारख्या खेड्यात बसून सुरतेच्या बिल्डरांना न बांधलेली घरं दाखवणं, हा माझा धंदा. कॉम्प्युटरवर फ्लॅट उभा करायचा, सोफे मांडायचे, खिडकीतून ऊन आत सोडायचं आणि गिऱ्हाइकाला त्यातून फिरवून आणायचं. या कामाला दांडगं ग्राफिक्स कार्ड लागतं. दोन वर्षं जिवाचं रान करून मी ते घेतलं. विटेहून मोठं धूड, आणि त्याला वीज पोहोचते ती बोटाच्या दोन पेरांएवढ्या प्लगमधून. तो प्लग पुरता आत बसला नाही तर तापून वितळतो, हे मी नेटवर वाचलं होतं. फोटोही पाहिले होते. लोक कसे निष्काळजी असतात, असं म्हणून मी पुढे गेले होते.

कार्ड मीच बसवलं. एवढी महागाची वस्तू, मोडायला नको, म्हणून तान्ह्या बाळाला टोपडं घालावं तशा हाताने प्लग लावला. थोडा आत गेला, घट्ट वाटला, तिथेच थांबले. आणखी जोर लावायचा धीर झाला नाही. वर मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, कॅबिनेटची काच लागेना, म्हणून वायर मुडपून दाबली.

त्या एप्रिलमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आले. एसी एकाच खोलीत, मशीनच्या. त्यांची खाट तिथेच टाकली. आधार दिल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. गारवा टिकावा म्हणून मी दार लावून घेत असे.

एका सकाळी मी मशीनवर नऊ तासांचं काम लावलं. एका फ्लॅटचा व्हिडिओ तयार व्हायचा होता, तो संध्याकाळी द्यायचा होता. दुपारी ताट घेऊन गेले तर आप्पांना कसलासा वास येत होता. म्हणाले, "वास ई ऱ्हायना." अंगणात आई वर्षाचा मसाला भाजत होती, अख्खी गल्ली खोकत होती.

"मसालाना शे, आप्पा."

"हाऊ मिरचीना वास नही."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला काहीतरी वाटणारच, असं मला वाटलं. वर बजावलंही, की माझी मीटिंग आहे, बारीकसारीक गोष्टींसाठी हाक मारू नका.

बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर बिल्डरशी तासभर बोलून मी आत आले, तर मशीन बंद. आप्पांनी काठीच्या टोकाने खाटेजवळच्या यूपीएसचं बटण दाबलं होतं. सात तासांचं काम पाण्यात गेलं.

राग तसा माझ्या नाकावरच असतो. त्या दिवशी तोंडाचा पट्टाही सुटला. तुम्हाला उद्योग नाही म्हणून माझं काम बुडवता का, इथवर बोलले. आज लिहितानाही लाज वाटते. आप्पांनी आवाज चढवला नाही. "पहिले बंद करानं, मंग इचारानं," एवढंच म्हणाले. शेतातल्या विहिरीवरची मोटर त्यांनी पस्तीस वर्षं सांभाळली. स्टार्टरच्या पेटीला जरा वेगळा वास आला की आधी मेन स्विच खाली, मग बाकीची चौकशी, ही त्यांची रीत.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी कॅबिनेटची काच काढली. प्लगची एक बाजू काळी पडून कार्डाला चिकटली होती. वायरींवरचं प्लास्टिक मऊ झालं होतं. बाजूला खिडकीचा पातळ पडदा लोंबत होता, आणि पलीकडे आप्पांची खाट. मी फरशीवरच बसले.

"मले आवाज का नही दिना, आप्पा?"

"दिना ना. तीनदा दिना. तुले ऐकू नही उना."

हेडफोन अजून माझ्या गळ्यातच होते.

बिल्डरला फोन करून खरं ते सांगितलं. भला माणूस, आठ दिवस थांबला. दुकानदाराने कार्ड दुरुस्तीला पाठवलं आणि प्लग टक्कन आवाज होईपर्यंत कसा दाबायचा, ते माझ्याकडून चारदा करवून घेतलं. या दोघांचेही उपकार आहेतच.

मशीन बंद झालं त्याच संध्याकाळी आप्पांचे पाय चेपताना मी विचारलं, आग लागली असती तर तुम्ही काय केलं असतं?

"मन्हं काय," आप्पा म्हणाले. "तुन्हं मशीन जळी जातं ना, माय. कितली मेहनत करी लिधं तू."

दिवसभर त्या खोलीत मला मशीनचीच काळजी होती, आणि त्यांनाही. आमच्याकडे बापाचे आभार कुणी मानत नाही. मी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि मानले.