मागून बोलणारा

"वाचून झालं. आता याच्यावर बोला," असं म्हणून गुरुजी पुस्तक मिटायचे आणि पोरांकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभे राहायचे. कपाळ चुन्याला टेकायला आलेलं, हात मागे, पुस्तकात एक बोट तसंच. असा मास्तर तुम्ही पाहिला असेल तर सांगा. मी जन्मभर शाळेची घंटा वाजवली, दुसरा नाही पाहिला.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे छोटी गाडी जाते, तिच्या वाटेवरचं आमचं गाव. स्टेशन दोन कोस. मी शाळेचा शिपाई. शिक्षण दुसरी, तेही अर्धं. पण अक्कल पुरी होती, आणि ती कोणाला दाखवत फिरायची मला गरज नव्हती.

भिंतीकडे तोंड कशाला, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "माह्या तोंडाकडे पाहून पोरं मले आवडंल तेच बोलतात, भाऊ. पाठीले कोन भिईल?"

हेडमास्तरांना हे खपत नसे. वर्गात आवाज म्हणजे मास्तर ढिला, असं त्यांचं गणित. पण तो गोंगाट नव्हता. नुकत्याच बौद्ध झालेल्या घरची एक पोरगी पाटलाच्या पोराचं म्हणणं भर वर्गात खोडून काढायची. गुरुजी भिंतीकडूनच म्हणायचे, "आता तू सांग, तिचं काहून चुकलं?" पाटलाचं पोरगं डोकं खाजवत बसायचं.

एकदा धडा होता आंधळ्या म्हातारीचा. तिचा लेक पुरात वाहून गेलेला. गाव तिला सांगतं, तो अकोल्याच्या गिरणीत लागला. म्हातारी रोज विचारते, लेक कधी येणार, आणि गाव रोज खोटं बोलतं. गावानं बरं केलं का वाईट, यावर पोरं भांडत होती. मी त्यांच्या पाठीमागं, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. तोंडातून निघून गेलं, "तिले ठाऊक होतं. गावाचं मन मोडू नये म्हनून इचारत होती."

गुरुजींनी मान न वळवता विचारलं, "मांगून कोन बोललं?"

पोरं वळायच्या आत मी बाजूला झालो. शिपायानं धड्यावर बोलायचं आणि हेडमास्तरांनी हसायचं, हे मला सोसणारं नव्हतं. दार रिकामं पाहून पोरं गोंधळली. "पन बरोबर बोललं," गुरुजी भिंतीला म्हणाले.

मग मला चटकच लागली. आठवड्यातून एकदा तरी दबक्या आवाजात बोलायचं आणि सरकायचं. गुरुजी दर वेळी विचारायचे, मागून कोण. दर वेळी दार रिकामं. हळूहळू पोरं म्हणू लागली, मागं एक मेलेलं पोरगं बसतं. मागच्या तरटपट्टीवर कोणी बसेना. दोन घरच्या आयांनी पोरी काढून घेतल्या. हेडमास्तरांनी अमरावतीला लिहिलं, मास्तराला आवाज ऐकू येतात, त्यांना हलवा. चौकशीला शाळा तपासणारे डिप्टी साहेब यायचे ठरले. मी एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी नाही बोललो.

त्या दिवशी हेडमास्तरांनी मला साहेबांना आणायला स्टेशनावर धाडलं. दोन कोस उन्हात मी एकच वाक्य घोळवत गेलो. स्टेशनावर कोणी नव्हतं, म्हणून ते एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. साहेबांसमोरच सांगून टाकायचं ठरलं. गाडी आली. साहेब नव्हते. ते जीपनं परस्पर शाळेत गेले होते.

मी परतलो तेव्हा जीप निघून गेली होती. पोरं माझ्याकडे पाहून मागं सरकली. पाटलाच्या पोरानं सांगितलं ते असं. गुरुजींनी साहेबांसमोर नेहमीसारखी पाठ फिरवली, याच्यावर बोला म्हणाले. तोच मागून आवाज आला, "गुरुजी, मांगून बोलतो तो मीच." साहेबांनी दार पाहिलं, बाहेरचा ओटा पाहिला. चिटपाखरू नव्हतं. "आवाज तुमचाच होता, भाऊ," पोरगं म्हणालं.

माझेच शब्द. स्टेशनावर बोललेले.

गुरुजी पुस्तकं बांधत होते. "अचलपूरले धाडून राहिले मले," म्हणाले.

"मी टेशनावर होतो, गुरुजी."

"मले मालूम हाये. आवाज त मी पहिल्याच दिवशी ओळखला होता."

"मंग रोज काहून इचारत होते?"

ते हसले. "म्हातारीचं तुमीच त सांगितलं."

तेव्हाही हेडमास्तरांकडे जाता आलं असतं. नाही गेलो. स्टेशनावर होतो हे खरं होतं, त्या खऱ्याच्या आड बसून राहिलो.

नवे मास्तर आले. पोरं एका सुरात वाचायची, एका सुरात गप्प व्हायची. पोळा होऊन गेल्यावरची एक दुपार. वाचन संपलं आणि नवे मास्तर एकदम थांबले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आता याच्यावर बोला, असं मागून कोण म्हणालं?"

सगळी पोरं वळली. मी उंबऱ्यावर, तोंडात तंबाखूचा बार, ओठ मिटलेले. आवाज मीही ऐकला होता. माझ्या खांद्यापाशीच निघाला होता. ओळखायला मला वेळ लागला नाही. व्हरांड्यात हेडमास्तर उभे राहून माझ्याकडेच पाहत होते.

मी तंबाखू थुंकून आलो. या वेळी सरकलो नाही. "मी बोललो," म्हणालो.

हेडमास्तर काही बोलायच्या आत पाटलाच्या पोराला खोडून काढणारी ती पोरगी उभी राहिली आणि धड्यात काय खटकलं ते सांगू लागली. नव्या मास्तरांना तिला थांबवायचं सुचलं नाही. मी उंबऱ्यावरून ऐकत राहिलो. त्या वेळी तिकडं अचलपुरात, कुठल्या तरी भिंतीला तोंड लावून, गुरुजीही ऐकत असतील.