रफूमावशी आणि सिंकमध्ये गेलेले साहेब

माझ्या मोठ्या मावशीने एकतीस वर्षं एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे रफू केले. पुढे काउंटरवर इस्त्रीची वाफ आणि गिऱ्हाइकांची घाई, मागे ट्यूबलाइटखाली मावशी, डोळ्याला भिंग लावून. सिगारेटने भोक पडलेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायची आणि खाली-वर, खाली-वर विणत भोक असं बुजवायची, की ते नक्की कुठे होतं हे मालकालाही सापडत नसे. काम जितकं चांगलं तितकं ते दिसायचं नाही, म्हणून कौतुकही कधी वाट्याला आलं नाही. आभार ऐकायची तिला सवय नव्हती. मानायची तर त्याहून नव्हती. आम्ही भाच्या काही आणून दिलं की म्हणायची, "कशाला उगाच?" हेच तिचं थँक्यू.

सगळी इमारत तिला रफूमावशी म्हणते. चार वर्षांपूर्वी काका गेले आणि मावशी आटत गेली. लाँड्रीतलं काम डोळ्यांमुळे आधीच सुटलं होतं. मूलबाळ नव्हतं. मी दर रविवारी फोन करायचे. "जेवलीस?" "जेवले." "बरी आहेस?" "मला काय धाड भरलीये?" संपलं बोलणं. दिवसभरात तिच्या तोंडून दहा शब्दही निघत नसावेत.

समोरच्या दारात भूगोलबाई राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्याशी मावशीचा संबंध म्हणजे जिन्यात भेटल्यावर हसण्यापुरता. एके दिवशी बाईंनी दार वाजवलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर दीड-दोन महिने त्या लेकीकडे राहणार होत्या. हातात काचेची चौकोनी पेटी, आत पाणी, आणि पाण्यात एक मासा. निळा, कडेने लालसर, शेपटी अशी घोळदार की रेशमी ओढणी पाण्यात सोडलीये असं वाटावं.

"हे साहेब," बाई म्हणाल्या. "फायटर जातीचे. दुसरा मासा चालत नाही, आरसा चालत नाही, जेवायला उशीर झालेला चालत नाही. सांभाळशील?"

मावशीला सरड्यापासून मांजरापर्यंत कुठल्याच जिवाला हात लावायची भीती. पण नाही कसं म्हणायचं ते सुचेपर्यंत पेटी तिच्या टेबलावर होती, आणि सोबत सामानाचा डबा आणि बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलेला कागद. दिवसाला चार दाणे, पाचवा नको. दर पंधरा दिवसांनी सफाई. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवणे, दुकानातल्या औषधाचे थेंब घालणे. माशाला जाळीने पकडू नये, पाण्यात ग्लास आडवा धरावा, तो आपणहून येतो. कोरड्या हाताने शिवू नये. ग्लासवर झाकण ठेवावे, उडी मारतो. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

पहिले पंधरा दिवस छान गेले. रविवारच्या फोनवर मावशी चक्क बोलू लागली. "साहेब आज रागावलेत. मी निळी साडी नेसले ना, कल्ले फुगवून अंगावर आले." मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय, खरंच!"

मग सफाईचा दिवस उजाडला. मावशीने सगळं शिस्तीत मांडलं. बादलीत आदल्या दिवशीचं पाणी, ओट्यावर थोडं पाणी घातलेलं स्टीलचं पातेलं, हाताशी ग्लास. पेटी घासून झाल्यावर घाण पाणी चटकन निघून जावं म्हणून सिंकच्या तोंडावरची जाळीही तिने आधीच काढून बाजूला ठेवली. ग्लास आडवा धरला. साहेब आले, वास घेतल्यासारखं केलं आणि वळून गेले. दहा मिनिटं हाच खेळ. मावशीचा हात अवघडला. बाईंनी दिलेल्या डब्यात एक छोटी हिरवी जाळी होती. वापरायची नसेल तर डब्यात कशाला ठेवतील, असं तिने स्वतःला समजावलं आणि जाळी पाण्यात घातली.

साहेब सापडले. पण वर उचलताना शेपटीचं टोक जाळीच्या धाग्यात अडकलं. ते सुटायला धडपडले आणि मावशीच्या डोळ्यांदेखत शेपटीत पार उभी चीर गेली. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांनी फाडलेलं सांधलं, तिच्या हातून हे फाटलं. ती इतकी हादरली की जाळी तशीच पातेल्यात उपडी केली आणि झाकण शोधायला वळली. मागे पाण्याचा सपकारा ऐकू आला. वळून बघते तो साहेब पातेल्यात नव्हते. सिंकमध्ये होते. दुसऱ्या क्षणी तिथेही नव्हते.

सिंकच्या काळ्या भोकात साहेब गेले होते.

मावशीचा हात सवयीने नळाकडे गेला. नळावर बोटं टेकलीही, आणि तिथेच थबकली. तो एक क्षण तिने नंतर मला वीस वेळा सांगितला असेल. "पाणी सोडलं असतं तर गेलेच होते गं."

मी ऑफिसात होते. मावशीचा फोन आला, "साहेब सिंकमध्ये गेले."

सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "मावशी, सिंकच्या खाली तो वाटीसारखा भाग असतो बघ, त्यात कायम पाणी साठलेलं असतं. तिथेच असतील. प्लंबरला बोलव, लगेच."

"कुठल्या?"

"खाली राहतो ना, तुझ्या बरोबर खाली."

पलीकडून बारीक आवाजात, "त्याच्याशी आपण बोलत नाही."

"मावशी, तू बोलत नाहीस. साहेबांचं त्याच्याशी काही भांडण नाही."

भांडण सात वर्षांपूर्वीचं. मावशीच्या न्हाणीघरातून खालच्या घराच्या छतावर पाणी झिरपत होतं. प्लंबर वर आला, पाइप दुरुस्त करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी काकांना एक फरशी तडकलेली दिसली. काका म्हणाले तू फोडलीस, तो म्हणाला आधीचीच होती. आवाज चढले, एकमेकांचा बाप निघाला, आणि दोन्ही घरांची दारं एकमेकांना बंद झाली. काका गेले त्या दिवशी तो जिन्यात येऊन उभा राहिला होता. वर आला नाही. मावशीने पाहिलं होतं, बोलावलं नाही.

त्या दुपारी मावशी ओल्या हातांनीच जिना उतरली. दार प्लंबरनेच उघडलं, जेवता जेवता उठून.

सात वर्षांनंतर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "सिंकमध्ये मासा गेलाय."

तो गोंधळला. "तुकडा अडकलाय का?"

"तुकडा नाही. आख्खा. जिवंत."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. आत वळून हात धुतला आणि पाना असलेली पिशवी उचलली. "मावशी, नळ सोडलात का?"

"नाही."

"मग चला."

त्याने मावशी म्हटलं, हे तिच्या लक्षात वर पोचल्यावर आलं.

ओट्याखालचं दार उघडून तो जमिनीवर आडवा झाला. पिशवीतला पाना काढलाच नाही. "पाना लावला तर हिसका बसेल, हातानेच सोडवतो," म्हणाला. मावशीने बादलीतलं आणखी पाणी पातेल्यात ओतून ते त्याच्या उशाशी ठेवलं. प्लॅस्टिकची ती वाटी सूत सूत फिरवत त्याने सैल केली. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, तरी हात हलू दिला नाही. वाटी सुटली. आत काळपट पाणी, चहाचा चोथा, आणि चोथ्यात एक निळी रेघ.

तो बोटं आत घालणार तेवढ्यात मावशी ओरडली, "हात लावू नका! आणि लावायचाच असला तर ओला करून!"

"मग काढू कसा?"

मावशीला कागदावरची ओळ आठवली. आपणहून येतो. ती म्हणाली, "वाटीच पाण्यात बुडवा. हळू. आडवी धरा."

त्याने वाटी पातेल्यात बुडवून आडवी केली आणि दोघंही त्यावर वाकून बघू लागली. चोथा पसरला. बराच वेळ काहीच नाही. मग शेपटीची फाटकी कड बाहेर आली आणि मागोमाग साहेब. एका कुशीवर कलंडलेले, रंग उडालेला, बुडाशी जाऊन पडले.

"गेला का हो?" प्लंबर कुजबुजला.

दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर पातेल्याच्या दोन बाजूंना बसून होती. खाली प्लंबरचं ताट निवत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम साहेबांचा कल्ला हलला. पुन्हा हलला. मग ते वेडेवाकडे, दारू प्यायल्यासारखे वर आले, पाण्याच्या वर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि परत खाली गेले. हा मासा वरची हवाही पितो, म्हणून त्या घाणीतही तगला, हे मावशीला पुढे शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारीणबाईंकडून कळलं.

"घोट घेतला!" प्लंबर मोठ्याने म्हणाला आणि लहान पोरासारखी टाळी वाजवली.

मावशी रडली. काका गेले तेव्हाही इतकी रडली नव्हती. प्लंबर बिचारा काही न सुचून वाटी परत बसवू लागला, तिचे आटे साफ करून, नवीन रबर घालून. जाताना दारात थांबला. मावशीला आभार मानायचे होते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "तुमचं जेवण राहिलं."

"गरम करून जेवेन," तो म्हणाला.

दुकानदारीणबाईंनी बजावलं की औषधांचा मारा नको, फक्त स्वच्छ आणि कोमट पाणी, रोज थोडं थोडं बदला. मावशीने ते इमानाने केलं. जाळी कात्रीने कापून टाकली. रोज भिंग लावून शेपूट बघायची, जशी कोटाची भोकं बघत होती. आठवड्याभराने मला फोन आला, रविवार नसताना. "अगं, चिरेच्या कडेला काचेसारखं काहीतरी आलंय. पारदर्शक. मी काही केलं नाही गं, त्यांचं तेच भरतंय." तिच्या आवाजात जे होतं ते मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. पुढे त्या काचेत निळा रंग उतरत गेला. नव्या भागाची छटा किंचित फिकी राहिली. "मी असते तर रंग अजून जुळवला असता," मावशी म्हणाली, आणि स्वतःच हसली.

प्लंबर रोज कामावरून येताना एक जिना जास्त चढून विचारायचा, "साहेब कसे आहेत?" आधी दारातून, मग खुर्चीवर बसून. असाच एकदा बसला असताना खाली बघत म्हणाला, "मावशी, ती फरशी माझ्याच हातून तडकली होती. काका खरं बोलत होते. मला लाज वाटली म्हणून मी आवाज चढवला."

मावशी साहेबांना दाणे घालत होती. चौथा दाणा टाकून झाल्यावर म्हणाली, "आणि गळती आमचीच होती. महिनाभर आधी आम्हाला कळली होती. खर्च टाळायला हे गप्प बसले, आणि मीही." मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी तुम्ही जिन्यात उभे होतात. मी बघितलं होतं. वर या म्हणायला हवं होतं."

"आता येतोच की," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी भूगोलबाई काठी टेकत परत आल्या. मावशीने आदल्या दिवशीपासून पाठ करून ठेवलेली कबुली एका दमात दिली. जाळी, शेपूट, सिंक, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्याकडे असताना हा दोनदा फ्रीजखाली गेला होता. लेकीने आणलेली ती जाळी मी टाकून द्यायला हवी होती, ती चूक माझी." मग पेटीसमोर वाकून शेपूट निरखली. "याला माझ्याकडे नेऊन आता उपयोग नाही गं. बादली मला उचलवत नाही. तुझ्याकडेच राहू दे. सफाईला मी येत जाईन, सूचना द्यायला."

त्या पहिल्या एकत्र सफाईला मीही गेले होते. मावशीने हात ओले केले, ग्लास पाण्यात आडवा धरला आणि थांबली. घाई नाही, पाठलाग नाही. साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या, जरा भाव खाल्ला आणि सावकाश ग्लासात शिरले. मावशीने तळव्याने ग्लासाचं तोंड झाकत तो उचलला, लगेच वर बशी ठेवली. भूगोलबाई खुर्चीतून आज्ञा सोडत होत्या, प्लंबर भरलेल्या बादल्या आणत होता, मी पेटीतले दगड धूत होते. साबण नाही, नुसतं पाणी.

काम झाल्यावर चहा झाला. मावशी बराच वेळ कपाशी चाळा करत राहिली. मग बाईंकडे बघून एकदम म्हणाली, "तुमचा गुडघा बिघडला ते फार बरं झालं हो."

क्षणभर कोणाला कळेना. मावशीच्या लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे तसं नाही... म्हणजे तुम्ही गेलात, हे आले..." तिने साहेबांकडे बोट केलं, मग प्लंबरकडे. "मग हे आले. मी गप्पच बसून राहिले असते हो. मला नीट बोलता येत नाही. पण मला म्हणायचंय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय गं," भूगोलबाई म्हणाल्या, आणि ऑपरेशन झालेला पाय लांब करून इतक्या मोठ्याने हसल्या की साहेबांनी पेटीत कल्ले फुगवले.