तार बदलायचा मंगळवार

लेक श्यामलाल पुन्हा अंगणातल्या मोहाच्या झाडावर चढणार, ही धास्ती सकाळपासून सुलोचनाबाईंचा पिच्छा सोडत नव्हती. गेल्या पावसाळ्यात रेडिओच्या एरियलची तार बांधतानाच तो फांदीवरून घसरला होता. अजून डावा पाय ओढतच चालायचा. आणि आज संध्याकाळी त्याची धाकटी बहीण चमेली नागपूरच्या आकाशवाणीवर गाणार होती.

लग्न झाल्यापासून ती माहेरी आलीच नव्हती. वडील वारले तेव्हा एवढीशी होती. श्यामलालनेच तिला खांद्यावर घेऊन दवनीवाड्याच्या शेतांतल्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं फिरवलं होतं. धान रोवणाऱ्या बायांची गाणी तिच्या कानी पडली ती तिथंच. तिचा आवाज त्याला खरखरीतून नको होता.

श्यामलाल गोंदिया स्टेशनात तिकिटं द्यायचा, पण जीव सगळा तारेत. गंजलेली लोखंडी तार काढून तांब्याची लावली तेव्हा आवाज खरंच उजळला होता. मग त्याला वेडच लागलं. जाड तार, पिळाची तार, कलकत्त्याहून मागवलेली तार. मंगळवारी सुट्टीला बदलायची आणि डोळे मिटून बसायचं.

"आई, ऐक! गाळलेल्या दुधासारखा आवाज."

बुधवारी पुन्हा खरखर.

"तारेतच खोट आहे," तो म्हणायचा.

शेजारचे दुधराम कुंपणावरून टोमणा मारत, "काऊन गा श्यामलाल, औंदा धान सोडून तारच पेरून राहिला का?"

"उगवली का तुमालेबी देतो, काका!"

आज गुरुवार, पण चमेलीच्या गाण्यासाठी त्यानं रजा काढली होती. दुपार कलली होती. समोरच्या राईस मिलची घरघर चालली होती आणि उन्हात कोंड्याची सोनेरी धूळ हलकेच तरंगत होती. श्यामलाल दुधरामांकडे शिडी आणायला गेला होता. नवी तार ओसरीवर वेटोळं घालून चमकत पडली होती. रेडिओ खरखरत होता.

तेवढ्यात मिलचा पट्टा तुटला. मोटर बंद केली गेली, घरघर थांबली, आणि रेडिओतली बासरी अशी निर्मळ झाली की वाजवणारा जणू विहिरीच्या काठावरच बसलाय. सुलोचनाबाईंना वाटलं, धुळीचे कणसुद्धा हवेत थबकून ऐकताहेत. तार तर अजून ओसरीवरच होती.

थोड्या वेळानं मिल सुरू झाली. बासरी पुन्हा कोंड्यात बुडाली.

मंगळवार! बाजाराचा दिवस. त्या दिवशी मिलही बंद. सुलोचनाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. पोरगं नव्या तारेचं म्हणून जे कौतुक करत होतं, ते सारं मिलच्या सुट्टीचं होतं.

"आई, शिडी आणली!"

"झाडाकडे जाऊ नकोस. दोष तारेत नाही रे, मिलच्या मोटरीत आहे."

"तुझं आपलं काहीतरी! ही तार बघ तरी."

त्यानं वेटोळं खांद्यावर टाकलं.

आत यजमानांच्या, वकीलसाहेबांच्या वेळचा काळा टेलिफोन होता. मिलवाल्या चैतरामशेठची मुलगी सुलोचनाबाईंकडेच इंग्रजी शिकली होती. चमेलीच्या गाण्यापुरती मिल थांबवायला शेठ नाही म्हणायचे नाहीत.

"पाच मिनिटं खाली थांब," पदर खोचत त्या म्हणाल्या. "मला एक फोन करायचाय."