पी ए एन आय

"वाच."

सर खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. प्रोजेक्टरवर माझा प्रोग्राम होता, भिंतभर. लॅबमधली सगळी पोरं-पोरी माना वर करून बघत होती. मी उभी.

"मोठ्यानं वाच. आम्हालाही कळू दे काय दिवे लावलेस ते."

मी वाचलं. इंट म्हणजे पूर्णांक, पुढं त्या आकड्याला मी दिलेलं नाव. "इंट आज. इंट गल्ली. इंट पानी."

हसू फुटलं. आधी मागच्या बाकांवरून, मग सगळीकडून.

"काय? पुन्हा?"

"इंट पानी."

"पानी नाही गं बाई. पाणी. ण. बाणातला ण. म्हण."

मी म्हटलं. म्हणजे मला वाटलं की म्हटलं. पुन्हा हशा. जीभ मागे वळवायला गेले तर तोंडातून भलतंच काहीतरी आलं. सर कानामागे हात धरून ऐकत होते, गायनाच्या स्पर्धेला परीक्षक बसतो तसे. पुन्हा म्हण. पुन्हा. मग त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं नाव होतं के ओ एन.

"आणि हे काय? कोन? काटकोन की लघुकोन?"

पोरांनी लॅब डोक्यावर घेतली. सरांना स्वतःचा विनोद इतका आवडला की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "हे प्रोग्रामिंग आहे, नळावरचं भांडण नाही. सगळी नावं इंग्रजीत कर. नाहीतर फाइलवर सही मिळणार नाही. बस."

मी बसले. प्रोग्राम चालतो का, हे कुणी विचारलंच नाही.

चालत होता. चांगला चालत होता. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, विषय सी प्रोग्रामिंग. सरांनीच सांगितलेलं, रोजच्या जगण्यातला एखादा प्रश्न घ्या आणि त्याच्यावर प्रोग्राम लिहा. फाइलवर त्यांची सही झाली तरच टर्मवर्कचे मार्क, नाहीतर विषय राहिला. मी पाण्याचा प्रश्न घेतला. आम्ही थेरगावला राहतो, डांगे चौकाच्या मागच्या गल्ल्यांत. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. आज अर्ध्या गल्ल्या, उद्या उरलेल्या. मधेच कधी पाइपलाइनचं काम निघालं की पाळी सरकते आणि सगळ्यांचा गोंधळ उडतो. आई चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. घरी आली की चपला काढायच्या आधी दारातूनच विचारते, "आज कोनाचं पानी?" म्हणजे आज पाळी कुठल्या गल्लीची. तारीख घालायची, पाळी किती सरकली ते घालायचं, आणि मशीननं सांगायचं कोणाचं पाणी. माझ्या प्रोग्राममधली नावं आईच्या त्या प्रश्नातून आली होती. आज. कोन. पानी. इतकं सोपं होतं ते.

तशी सरांची आणि माझी ओळख पहिल्याच दिवशी झालेली. हजेरी घेताना त्यांनी माझं आडनाव दोनदा उच्चारलं आणि मान वर केली.

"कुठून?"

"थेरगाव."

"मूळचे?"

"लातूरकडचे."

"हं. कॅटेगरी?"

भर वर्गात. मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतो तशी. नंतर वर्षभर कुठलाही विषय निघाला की गाडी आरक्षणावर यायचीच. त्या शब्दातला ण मात्र सरांच्या तोंडून असा खणखणीत निघायचा की काय सांगावं.

आणि हेच सर वाइल लूपला व्हाइल लूप म्हणायचे. विंडोजला व्हिंडोज. त्याला कुणी हसल्याचं मी पाहिलं नाही.

मी लिहिताना ण कधी चुकवला नाही. शाळेत शुद्धलेखनाला माझे मार्क चांगले असायचे, बाई वही फिरवायच्या वर्गात. पण बोलताना तो येत नाही. आमच्या घरात कुणाच्याच जिभेवर तो नाही. आईच्या नाही, बाबांच्या नाही, गल्लीतल्या कुणाच्याच नाही. सकाळी नळाला फुसफुस झाली की कुणीतरी ओरडतं, "पानी आलं गं!" आणि सगळी गल्ली हंडे, बादल्या, ड्रम घेऊन धावते. आमच्या गल्लीत पाणी कधी आलंच नाही. पानीच आलं. तेच पिऊन, त्यातच अंघोळी करून मी बारावीला फर्स्ट क्लास काढला.

पण त्या दिवसानंतर मी गप्प झाले. तोंड उघडायच्या आधी शब्द तपासायचे. यात ण आहे का? असला तर दुसरा शोधायचा. पाणी म्हणायचं नाही, वॉटर म्हणायचं. जेवण नाही, टिफिन. कोण आलं नाही, हू इज इट. मेलं किती ठिकाणी असतो हा ण! अडचण, कारण, शहाणपण, आणि. साधं 'आणि' म्हणायची चोरी. दोन गोष्टी एकत्र सांगायच्या तर मी मधे थांबायचे आणि बोटं दाखवायचे. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून राग येत होता. घरी आई म्हणाली, "तोंडात काय धरलंयस गं? बोलंनाशी झालीस." मी म्हटलं काही नाही.

कॉलेजच्या कॅन्टीनपुढून जाताना एखादं पोरगं हळूच म्हणायचं, "ए पानी." मी ऐकलं नाही असं करायचे.

असं चाललेलं असताना सरांनी एकदा लॅबमध्ये दुसऱ्याचा प्रोग्राम भिंतीवर लावला. हा मुलगा निगडी प्राधिकरणातला. बंगला, दारात कुत्रा, कुत्र्याला फिरवायला वेगळा माणूस. याचा रोजच्या जगण्यातला प्रश्न म्हणजे कुत्रा. त्यानं सगळ्या व्हेरिएबलना कुत्र्याचंच नाव दिलेलं. ब्रुनो फूड. ब्रुनो बाथ. ब्रुनो शू.

हो, शू. खरंच. दिवसातून कितीदा बाहेर न्यायचं त्याचा हिशेब.

वर्ग हसला, पण ते हसू वेगळं होतं. गोड होतं. सर तर खूश. "वा! याला म्हणतात क्रिएटिव्ह. कोडमध्ये पर्सनॅलिटी दिसली पाहिजे." आणि तिथल्या तिथे फाइलवर सही ठोकली.

शू हा शब्द इंग्रजी नाही, एवढं मलाही कळतं.

म्हणजे कुत्रा चालतो. कुत्र्याची शू चालते. माझं पाणी चालत नाही.

मी भिंतीकडे बघत बसले. आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, तेव्हा हेच होतं. तिथं कुत्री-मांजरं पाणी पीत होती, आमच्या माणसांना मनाई होती. वस्तीत दरवर्षी भाषणात ऐकते मी हे. ऐकून ऐकून कंटाळलेले. खरं सांगते, जुनी झाली ती गोष्ट असं वाटायचं. लिफ्ट आली, वायफाय आलं, आता कुठलं तळं आणि कुठली ओंजळ! आणि इथं एसी लॅबमध्ये, भिंतभर, कुत्र्याला सही आणि पाण्याला मनाई.

माझी लाज त्या दिवशी गेली. त्या जागी दुसरं काहीतरी आलं. मला सरांची किळस आली. इतका शिकलेला माणूस, आणि अक्कल एवढीच? याच्या हसण्याला मी घाबरत होते? याच्यासाठी मी माझ्या आईचे शब्द गिळत होते?

बस सुटायच्या आधी वैशाली भेटली. ती निघोज्याची, जुन्या शेतकरी घरातली, माझ्याच बॅचची. सगळ्या लॅबमध्ये तेवढीच एक मी वाचलं त्या दिवशी हसली नव्हती. तिच्याही जिभेवर ण नाही, पण तिला सर "आमची गावरान कोंबडी" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. आडनावाचा फरक, दुसरं काय.

ती म्हणाली, "बदल की गं नावं. एक मिनिटाचं काम हाय. रिप्लेस ऑल मार. पानीचं वॉटर हुतंय. सही घे न् मोकळी हो."

तिचं वाईट नव्हतं मनात. काळजीनंच म्हणाली. आणि खरंच एका मिनिटाचं काम होतं. एक खिडकी उघडते, वर जुना शब्द टाकायचा, खाली नवा, बटण दाबायचं. सगळ्या फाइलमधून जुना शब्द नाहीसा होतो. कुठं होता हेही कळत नाही. मी लॅपटॉप उघडून ती खिडकी आणलीसुद्धा. वर पी ए एन आय टाइप केलं. खाली वॉटर. बोट बटणावर.

त्या चार अक्षरांकडे बघता बघता मला हसू आलं. पहिल्यांदाच आलं, इतक्या दिवसांत. खिडकी बंद केली.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. वयस्कर, शांत, सारखे मोबाइल बघणारे. माझा नंबर आला तसे आमचे सर खुर्ची पुढे ओढून बसले.

"सर, हिला वाचायला लावा. ऐकण्यासारखं असतं," ते परीक्षकांना म्हणाले. मग स्क्रीन बघितली. "नावं बदलली नाहीस?"

"न्हाई."

"वाच मग."

"तुमीच वाचा सर," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी लाजतेय. मजेत पुढे झाले आणि वाचलं, माझी नक्कल करत, नाकातून, "इंट पाऽनी."

मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"सर, हितं पी ए एन आय लिहिलंय. एन एकच हाय. ह्यात नळातला न कुठला आनि बानातला कुठला? तुमी पानी कुठनं वाचलं?"

त्यांनी चष्मा सारखा करून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"स्क्रीनवर तर न्हाई ते. मशीनला कळत न्हाई, तुमाला कसं कळलं? तुमी कोड वाचतच न्हाई सर. तुमी मला वाचताय."

मागे वैशाली उभी होती, तिचा नंबर पुढचा. ती हळूच म्हणाली, "व्हय." परीक्षकांनी मोबाइलवरून मान वर केली. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. त्यांनी प्रोग्राम रन केला. तारीख घातली. आउटपुट आलं, बरोबर आलं. मग ते आमच्या सरांना म्हणाले, "हे तुमचं इंटर्नल आहे. तुम्ही बघा." आणि पुन्हा मोबाइल. शांत माणसं अशीच असतात, मला आता माहीत झालंय.

सरांचा चेहरा लाल झाला होता. आवाज मात्र मऊ. "नावं बदल. आत्ता, इथं. सही देतो."

बटण तिथंच होतं. सहीचं पेनही टेबलावर. वर्ष सुटत होतं. सगळी लॅब ऐकत होती आणि मला उत्तर द्यायचं होतं, तर उत्तरातच ण होता. दुसरा शब्द शोधायला वेळ होता. मी शोधला नाही.

"बदलनार न्हाई."

कुणी हसलं नाही.

सही मिळाली नाही. निकालात त्या विषयापुढे नापास आलं. बाबांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते शिफ्टला निघाले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "बदललं न्हाईस ना?" मी म्हटलं न्हाई. आईला अजून पटलेलं नाही. ती म्हणते एका शब्दापायी कशाला. चिडते, रडते, आणि मधेच विचारते, "आज कोनाचं पानी?" मी प्रोग्राम लावून सांगते. अजून एकदाही चुकलेला नाही.

त्या विषयाची फाइल या सोमवारी पुन्हा द्यायची आहे. सर तेच. लॅब तीच. वैशालीचा कालच फोन येऊन गेला, यंदा तरी बदल म्हणाली. मी तिला सांगितलं तेच इथं लिहिते, आणि ते शुद्ध करून लिहिणार नाही. फाइल तीच नेनार. नावं तीच. आज, गल्ली, कोन, पानी. सही देऊ दे, न देऊ दे. पुन्हा नापास केलं तर पुन्हा हीच फाइल नेनार, ते रिटायर होईस्तवर नेनार. आनि ते वाच म्हनाले, तर ह्या खेपेला उभी राहून, पार जिन्यात ऐकू जाईल असं वाचनार.

इंट पानी.

हसा म्हनावं आता.