निळ्या गाडीचा शेवटचा थर

गाडीच्या रंगावर मारायच्या लॅकरचा डबा मांडीवर होता तेव्हा फोन आला. सोलापूरच्या स्टँडवर उमरग्याच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळालेली, आणि त्या आनंदात मी सुमनआत्यांनाच फोन लावत होते, की डबा मिळाला, त्यात मिसळायचं हार्डनर पण मिळालं, उद्या सकाळी मारून टाकू. त्यांनी उचलला न्हाय. मग बाबांचाच आला. "पल्लवी, कुठं हायस? ... नीट ये. अक्का गेली." एवढंच. बाबा तसेही कमीच बोलतात. छातीत दुखतंय म्हणून आत्या सकाळी पायरीवर बसल्या आणि तिथंच गेल्या, हे मला घरी आल्यावर शेजारच्या बायकांकडून कळलं. सगळा रस्ता मी तो डबा सरळ धरून बसलेले, सांडू नये म्हणून. झाकण पक्कं होतं, तरी.

आत्या म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण. उमरग्यातल्याच एका शाळेत क्लार्क होत्या, लग्न केलं न्हाय, आमच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या आणि अंगण एकच. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. चालायची मस्त, पण रंग पार उडालेला, टपावर तर पापुद्रे सुटलेले. हायवेवरच्या एका गॅरेजात विचारायला गेल्या तर तिथला माणूस म्हणला, "साहेबांना पाठवा की, त्यांच्याशी बोलतो." आत्या म्हणल्या, "साहेब मीच हाय," आणि गाडी फिरवून घरी आल्या. आठवडाभरात अंगणात एक सेकंडहँड कॉम्प्रेसर आला, रंगाची गन आली, आणि मी आले... म्हणजे मी होतेच, परीक्षेचा अभ्यास करत घरात बसलेली. "पुस्तक ठेव आणि पाईप धर," अशी माझी नेमणूक झाली.

आता हे सांगायलाच पाहिजे की घरी गाडी रंगवायला दोन माणसं लागतात. एक गन मारतो आणि दुसरा पलीकडून हवेचा पाईप उचलून धरतो, न्हायतर पाईप ओल्या रंगाला घासतो आणि सगळं गेलं. माझ्या मोबाईलवर आम्ही ढिगानं व्हिडिओ बघितले. आत्या चष्मा वर करून मधेच थांबवायच्या, "ह्यांच्या इथं धूळ न्हाय का गं?" ते लोक बंद गॅरेजात काम करायचे. आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडं ट्रकांचा हायवे, आणि ऊस सुरू झाला की कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. म्हणून आत्यांनी डोकं लढवलं. पहिला रंग मारायच्या आधी अंगणात शेणाचा दाट सडा घातला, धूळ बसावी म्हणून. धूळ बसली की... पण गावातल्या सगळ्या माशा आल्या आणि ओल्या टपावर बसल्या, चिकटल्या. बाबा दारातून बघून म्हणले, "अक्का, गाडीत तीळ टाकलेस का?" बाबांना त्या दिवशी चहा बिनसाखरेचा मिळाला. टप परत घासला, आणि पुढच्या वेळी नुसतं पाणी शिंपडलं.

तरी रंग गुळगुळीत येईना. जवळून बघितलं की मोसंबीच्या सालीसारखा दिसायचा, मधे जाड आणि कडेला कोरडा. व्हिडिओ बघून पण कळंना. मग एकदा पाईप धरून मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले आणि मला हसूच आलं. "आत्या, तुमी गाडीला औक्षण करायलात." खरंच, त्यांचा हात गोल फिरायचा, ताट ओवाळल्यासारखा, म्हणजे मधे गन जवळ आणि टोकाला लांब. "मग कसा फिरवू?" "इस्त्री करता तसा. सरळ न्यायचा, सरळ आणायचा." त्यांनी एक दार तसं करून बघितलं. मग गन खाली ठेवली आणि वाकून बघितलं, साल दिसंना. "आयुष्यभर ओवाळलंय की गं," म्हणल्या, "भावाला, भाच्यांना... हात तसाच वळतोय." मग म्हणल्या, "चल, दुसरं दार."

दोन थरांच्या मधे थांबावं लागतं, हात लावायचा न्हाय, उगं बसायचं. त्या पायरीवर आम्ही मास्क हनुवटीवर ओढून बसायचो आणि मी आत्यांशी जे बोलले ते घरात कुणाशीच बोलले न्हाय. परीक्षेत परत नापास झाले तेव्हा सगळे समजावत होते, कुणी परत बस म्हणून मागं लागलेले. आत्या म्हणल्या, "पुट्टी बसली न्हाय म्हणून कुणी गाडी फेकून देतंय व्हय?" आणि उठून बोनेटकडं गेल्या. बस, विषय संपला. मला लई बरं वाटलेलं.

त्या गेल्या तेव्हा सगळ्या गाडीला निळा रंग देऊन झालेला आणि वरचं चकाकीचं लॅकर तेवढं राहिलेलं. लॅकरशिवाय तो रंग म्हणजे उघडी जखम, काय पण शोषून घेतो. हे मला माहीत, आत्यांना माहीत, आणखी कुणालाच न्हाय. मी घरी पोचले तेव्हा अंगणात बायका त्यांना आंघोळ घालत होत्या आणि हळदीकुंकवाचं ताट, तेलाची वाटी बोनेटवर ठेवलेली. दुसरं टेबल नव्हतंच तिथं. मला ओरडावंसं वाटलं आणि लाज पण वाटली, की समोर आत्या हायत आणि मी रंगाचं काय बघतेय. ताट उचललं तेव्हा खाली तेलाची गोल कड आणि कुंकवाचा डाग होता. पुसला तर आणखी पसरला.

पुढं बरेच दिवस गाडी तशीच. पायरीवर मी एकटीच बसायचे. मग बाबा म्हणले, "रविवारी हायवेवर नेऊन देतो. ते लोक एका दिवसात करतेत." त्याच गॅरेजात. मी म्हणले, "मला त्याच्या आधी एक सकाळ द्या." "एकटी करशील?" मी व्हय म्हणले. खरं तर गन मी कधी हातात धरलीच नव्हती, मला फक्त पाईप येत होता.

सगळी गाडी बारीक पाणीपेपरनं, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरनं, हलकी घासली. बोनेटवरचा डाग घासताना हात थांबला माझा... ते त्यांचंच कुंकू. पण आत्यांनी धुळीचा एक कण पण ठेवला नसता तिथं. घासला. उरलेल्या निळ्याचा पातळ हात दिला, तो सुकू दिला, आणि लॅकरचा डबा उघडला. पाईप खांद्यावर टाकून सुरू केलं तर तो घसरून दाराकडं जायला लागला. तेवढ्यात वर उचलला गेला. बाबा होते. "कुठं धरू?" म्हणले. मी हातानंच दाखवलं, पलीकडं. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलता येत न्हाय.

आणि तेव्हा मला कळलं. ओल्या बोनेटमध्ये समोर पाईप धरलेला माणूस उलटा दिसतो, पूर्ण, चेहऱ्यासकट. मला पलीकडून फक्त आत्या दिसायच्या. त्यांना मात्र रंग मारताना सगळा वेळ रंगात मी दिसत असणार. कधी बोलल्या न्हाईत. मी बोनेट संपवलं, सरळ नेत, सरळ आणत. बाबा रडत होते ते पण मला त्यातच दिसलं.

गुळगुळीत आलं. लई गुळगुळीत. रविवारी गाडी कुठं गेली न्हाय.

एक राहिलंच. कपड्यांच्या तारेला आत्यांनी जुन्या साडीची एक चिंधी बांधलीय, वारा कळायला. ती हलत नसली की काम काढायचं. आता काम काय उरलं न्हाय, कॉम्प्रेसर पोत्यात गुंडाळून ठेवलाय. तरी सकाळी उठले की मी दात घासायच्या आधी अंगणात येऊन तिच्याकडं बघते. आज पण बघितलं... हलत नव्हती.