बारा मागांचा एकच मुहूर्त

सकाळी आमच्या भिवंडीतल्या कारखान्याच्या दाराशी उभं राहिलं, की आवाज आधी पायाच्या तळव्यांना ऐकू येतो आणि मग कानांना! फरशी थरथरत असते, सुताला लावलेल्या खळीचा पेजेसारखा उबदार वास येत असतो, आणि आत बारा माग आपापल्या लहरीत खटखटत असतात. एकाचा ताल दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! एके काळी मला या बेतालपणाचा राग यायचा. आज मी त्याच्या प्रेमात आहे, आणि ते प्रेम कसं जडलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

काकांचे गुडघे कुरकुरू लागले, ते अकलोलीच्या गरम कुंडांच्या वाऱ्या करू लागले आणि कारखाना माझ्या हाती आला. मी तेव्हा नुकतंच ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकून आले होते. किती रसरशीत विषय आहे हा! माल, माणसं, यंत्रं आणि वेळ या चौघांची अशी सांगड घालायची, की काम नदीसारखं अखंड वाहत राहावं. कुठे तुंबू नये, कुठे आटू नये. वहीच्या पहिल्या पानावर मी हे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि शहाण्याने पहिलं पान लिहिल्यावर करू नये ते केलं, म्हणजे स्वतःला पारंगत समजू लागले.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी मागांची पूजा होते. काका माग जसे असतील तसे थांबवून त्यांना झेंडूची माळ घालत; कुणावर भरपूर सूत, कुणावर संपत आलेलं. मला ते गबाळं वाटे. मी ठरवलं, की या वेळी बाराही मागांवर नवी कोरी बीम चढवायची आणि एकाच मुहूर्तावर बटणं दाबायची! बीम म्हणजे कापडाच्या लांबीचे हजारो धागे गुंडाळलेला मोठा रूळ. तो संपला, की नव्या रुळाचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला हाताने जोडावा लागतो, आणि एका मागाला अर्धी पाळी जाते. हे काम आमच्याकडे खारबावच्या जनामावशी करतात, काकांच्या उमेदीच्या काळापासून एकट्याच. त्या दसऱ्यासाठी मी बाहेरून माणसं बोलावून बाराही बीम एका दिवसात जोडून घेतली. मावशी बघत होत्या. "शोभा बरी हाय," एवढंच म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली.

काय सुरेख दिसत होता कारखाना! दोन आठवडे मी नुसती तरंगत होते. मग दिवाळी तोंडावर आलेली असताना एका दुपारी चौथा माग थांबला. पाठोपाठ नववा, मग पहिला, सातवा... सारख्या लांबीचं सूत, सारखा वेग. संपणार कधी, तर एकाच वेळी! संध्याकाळपर्यंत बाराही माग मुके झाले. शांतता इतकी भयंकर असू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या कारागिरांची मजुरी विणलेल्या कापडावर असते, रिकाम्या तासांवर नाही. सलीमभाई आमचे सगळ्यांत जुने विणकर. ते डबा पिशवीत घालत शांतपणे म्हणाले, "मॅडम, लूम बंद तो हम भी बंद. बाजूवाले कारखाने में बुला रहे हैं, कल से उधर ड्युटी पकडूंगा." ते गेले तर बाकीचेही त्यांच्यामागे जाणार हे उघड होतं, आणि विणकरच नसतील तर बारा माग म्हणजे नुसतं लोखंड. काकांनी जन्मभर चालवलेला कारखाना मी दोन आठवड्यांत बुडवणार होते.

मी घाईघाईने बाहेरच्या जोडणाऱ्यांना फोन लावू लागले. उद्या सगळी माणसं येतील, परवा बाराही माग पुन्हा सुरू! मावशींनी माझ्या हातातला फोन खाली केला.

"पोरी, परवा समदे येकदम चालू केलेस त फुडच्या येलेला समदे येकदमच बंद पडतील. आमी समद्या खाचरांचा राब येकाच दिशी पेरत न्हाय. पेरला त लावनीला येवढी मानसं कुठशी आननार?"

खरं सांगते, भर संकटात मला हसू फुटलं! भाताची रोपं मागेपुढे तयार व्हावीत म्हणून राबाचे वाफे मागेपुढे पेरायचे, म्हणजे लावणीला हात पुरतात. माझ्या वहीतलं प्रवाहाचं सारं तत्त्व या बाईच्या खाचरात दरवर्षी उगवत होतं. लग्नाच्या पंगतीसुद्धा आपण एकामागून एक उठवतो ना? सगळं गाव एकदम पानावर बसवलं तर वाढप्यांचं काय होईल? हे मला ठाऊक होतं, फक्त कारखान्यात शिरताना मी ते दाराबाहेर ठेवून आले होते. मावशींचे दोनच हात ही अडचण नव्हतीच. ते दोन हात एकेक करून माग सुरू करत गेले, तर मागांवरचं सूतही आपोआप मागेपुढे संपणार होतं.

पण मग सलीमभाई? मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि चूक माझी आहे असं सरळ सांगितलं. सहा दिवस लागतील. जे माग सुरू होतील ते सगळ्यांनी वाटून चालवायचे, आणि बंद मागांची मजुरी माझ्याकडून. त्यावर ते पिशवी खुंटीला अडकवून मावशींशेजारी उकिडवे बसले आणि धागे निवडून त्यांच्या हाती देऊ लागले.

यंदाच्या दसऱ्याला माग होते तसे थांबवले आणि माळा घातल्या. कुणावर भरपूर सूत, कुणावर चार फेरे उरलेले. काका बघत होते आणि मिशीत हसत होते.

आज सकाळी दाराशी उभी राहिले आणि सवयीने आवाज मोजले. अकराच भरले. कोपऱ्यातल्या मागाखाली मावशी वाकलेल्या, शेजारी सलीमभाई धागे देत बसलेले. "ये कबसे बंद है?" मी विचारलं. सलीमभाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "बंद कहाँ है, मॅडम? ये आज रुका है, इसलिए तो बाकी चल रहे हैं."

मी चपला दाराशीच काढल्या आणि अनवाणी आत गेले. तळव्यांना ते अकरा नीट ऐकू यावेत म्हणून.